स्तनाची पुनर्रचना: मेडिक्लेममधून खर्च कसा मिळवायचा

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसतं, त्यावर सहसा कुणी हुज्जत घालत नाही. अडतं ते त्याच्या पुढच्या ऑपरेशनला. काढलेल्या स्तनाच्या जागी नवा स्तन घडवायचा म्हटलं की टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, ‘कॉस्मेटिक’ असा शेरा येतो आणि घरची माणसंही ‘असेल तसा नियम’ म्हणून गप्प बसतात. नियम तसा नाही. कॅन्सरनंतरची पुनर्रचना हा उपचाराचाच भाग आहे आणि तुमच्या हातातल्या पॉलिसीत ते बहुधा आधीपासून छापलेलं आहे. क्लेम अडकतो तो बहुतेक वेळा कागदावरच्या चुकीच्या शब्दांमुळे.

ते कलम आधी शोधा

विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ साली आरोग्य विम्यातल्या अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात प्लास्टिक सर्जरीच्या अपवादाला ‘कोड एक्सक्ल ०८’ असा क्रमांक आहे. पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘एक्सक्लूजन्स’ या प्रकरणात तो सापडेल. त्याचा आशय असा: दिसणं बदलण्यासाठी केलेल्या कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना असेल, किंवा प्रकृतीला असलेला थेट धोका दूर करण्यासाठी ती वैद्यकीयदृष्ट्या गरजेची असेल, तर हा अपवाद लागू होत नाही. ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरने लेखी प्रमाणित केलेली असावी, असंही त्यात म्हटलेलं आहे.

या पानाची झेरॉक्स काढा, ‘कॅन्सर’ या शब्दाखाली रेघ ओढा आणि ती फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर बसलेल्या माणसाला रोज कितीतरी पॉलिसी हाताळाव्या लागतात. तुमचं कलम त्याला पाठ असेल, हे गृहीत धरू नका.

त्याच बैठकीत पॉलिसीतल्या आणखी काही गोष्टी पाहून घ्या. पहिली शेड्यूलच्या, म्हणजे तुमच्या पॉलिसीचा तपशील छापलेल्या, पानावर असते. पॉलिसी कॅन्सर होऊन गेल्यावर घेतली असेल तर कॅन्सर कायमचा वगळलेला आहे का, ते तिथे लिहिलेलं असतं. प्रस्ताव स्वीकारताना तशी अट घालायची मुभा कंपन्यांना आहे. अट नसेल तर आधीच्या आजाराचा प्रतीक्षा काळ पाहा. एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३ वर्षं ठेवता येतो. कॅन्सरची माहिती प्रस्ताव अर्जात दिलेली असणं अत्यंत महत्त्वाचं आहे. ती लपवली असेल तर क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली असेल तर मात्र माहिती दिली नव्हती या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

मग खोलीभाड्याची मर्यादा, डिस्चार्जनंतरचा खर्च किती दिवस मिळतो तो आकडा, आणि विमा रक्कम पुन्हा भरून मिळण्याची सोय त्याच आजारासाठी चालते की फक्त वेगळ्या आजारासाठी, हे तपासा. या तिन्हीचा पुढे पैशांशी थेट संबंध येणार आहे.

डॉक्टरांचं पत्र

सगळ्या फाइलमध्ये वजन असतं ते या एका कागदाला. प्लास्टिक सर्जनचं एक आणि कॅन्सर सर्जनचं एक, अशी दोन पत्रं मिळाली तर उत्तम. एकच मिळणार असेल तर ते कॅन्सर सर्जनचं घ्या, कारण पुनर्रचनेची गरज कॅन्सरमधून आली आहे हे सांगायचा अधिकार त्यांचा. पत्र लेटरहेडवर, तारखेसह, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह असावं. ते इंग्रजीत लिहिलं जाईल, पण आशय साधारण असा हवा:

‘रुग्णाला उजव्या स्तनाचा कॅन्सर असल्याचं अमुक तारखेच्या बायोप्सीत सिद्ध झालं. अमुक तारखेला उजवी मास्टेक्टॉमी (स्तन काढण्याचं ऑपरेशन) झाली. त्यामुळे स्तन नसल्याची स्थिती निर्माण झाली असून तिच्यासाठी अमुक पद्धतीने पुनर्रचना करण्यात येणार आहे. ही कॅन्सरनंतरची पुनर्रचना असून वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. ती कॉस्मेटिक शस्त्रक्रिया नाही. पुनर्रचना इतक्या टप्प्यांत पूर्ण होईल: पहिला टप्पा अमुक, दुसरा टप्पा अमुक.’

शेवटचं वाक्य बरेच जण गाळतात आणि दुसऱ्या टप्प्याला अडकतात. पुनर्रचना क्वचितच एका ऑपरेशनमध्ये संपते. आधी छातीच्या स्नायूखाली किंवा त्वचेखाली एक्सपांडर, म्हणजे फुगवता येणारी पिशवी, बसवतात, काही आठवडे ओपीडीत थोडं थोडं सलाइन भरून त्वचा ताणतात, मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये एक्सपांडर काढून कायमचं इम्प्लांट घालतात. टप्पे पहिल्याच पत्रात नोंदलेले असले की दुसऱ्या वेळी ‘हे आता कशाला?’ ही क्वेरी येत नाही, आणि आलीच तर उत्तर हातात असतं.

ऑपरेशन होऊन काही वर्षं लोटली असतील तर जुने कागद जमवायलाच सुरुवात करा. मूळ बायोप्सीचा रिपोर्ट, मास्टेक्टॉमीच्या ऑपरेशनची नोट आणि त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड ही तीन लागतातच. हरवली असतील तर ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथल्या मेडिकल रेकॉर्ड विभागात केस नंबर देऊन प्रती मागा. मोठ्या हॉस्पिटलात त्याला दिवस लागतात, म्हणून ऑपरेशनची तारीख ठरण्याआधीच अर्ज टाका.

बिलावर कोणते शब्द यायला नकोत

टीपीएकडे फाइल वाचणारा माणूस आधी शब्द वाचतो आणि आजार नंतर. त्यामुळे एकच काम दोन नावांनी लिहिलं तर दोन वेगळे निकाल लागतात.

पोटाची त्वचा आणि चरबी घेऊन स्तन घडवतात त्याला डीआयईपी किंवा ट्रॅम फ्लॅप म्हणतात. पोटाची जखम शिवताना पोट सपाट होतंच. एखाद्या एस्टिमेटमध्ये त्याला ‘टमी टक’ किंवा ‘अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी’ म्हटलेलं असतं आणि तेवढ्यावर अख्खा क्लेम संशयात जातो. तिथे ‘डोनर साइट क्लोजर’ असंच लिहिलेलं हवं, कारण प्रत्यक्षात ते तेच आहे. तसंच मांडीची किंवा पोटाची चरबी काढून स्तनातला खळगा भरतात तेव्हा ‘लायपोसक्शन’ न लिहिता ‘पुनर्रचनेसाठी फॅट ग्राफ्टिंग’ लिहायला सांगा. ‘ब्रेस्ट ऑगमेंटेशन’ हा शब्द तर कुठेही येता कामा नये. तो निरोगी स्तन मोठा करण्यासाठी वापरतात. यात खोटं काही लिहायचं नाही. घडतंय ते त्याच्या खऱ्या नावाने लिहून घ्यायचं, इतकंच.

आजाराच्या कोडचंही तसंच. हॉस्पिटल आयसीडी-१० चे कोड भरतं. स्तनाच्या कॅन्सरचा कोड सी ५०, स्तन काढल्यामुळे नसण्याचा झेड ९०.१ आणि स्तनाच्या प्लास्टिक सर्जरीने होणाऱ्या पुढच्या उपचारांचा झेड ४२.१. चुकून झेड ४१.१ पडला तर घोटाळा होतो, कारण तो निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या प्लास्टिक सर्जरीचा कोड आहे. प्री-ऑथचा, म्हणजे आगाऊ मंजुरीचा, फॉर्म जाण्याआधी डेस्कवर कोड विचारा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

मंजुरी आणि खोली

ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी कॅशलेसचा अर्ज भरतीच्या किमान ३ दिवस आधी जायला हवा. पुनर्रचनेसाठी आम्ही आठवडाभर आधी म्हणू, कारण इथे क्वेरी येणार हे धरूनच चालावं. आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम बिलावर ३ तासांत निर्णय द्यायचा असतो. त्या ३ तासांपुढे उशीर होऊन हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. पण घड्याळ चालू होतं ते कागद पूर्ण असले तरच.

मास्टेक्टॉमी आणि पुनर्रचना एकाच वेळी होणार असेल तर एस्टिमेट सुटं करून मागा: कॅन्सर सर्जनची फी, प्लास्टिक सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, इम्प्लांट, जाळी किंवा मॅट्रिक्स, खोली. सगळं एका आकड्यात गुंडाळलं की टीपीए मास्टेक्टॉमीचं पॅकेज मंजूर करून उरलेल्याकडे दुर्लक्ष करू शकतो. एकाच बैठकीत दोन ऑपरेशन्स असली की दुसऱ्याला कमी दर लावायची पद्धत आहे, हेही हिशेबात धरा. इम्प्लांटखाली आधाराला मॅट्रिक्स लावणार असतील तर ते का लागतं हे सर्जनच्या पत्रात एका ओळीत असू द्या. महाग वस्तू असते आणि त्यावर हमखास प्रश्न येतो.

खोलीच्या बाबतीत मुंबईत सगळ्यात जास्त पैसे हकनाक जातात. समजा विमा रक्कम ५ लाख आणि खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे रोज ५,००० रुपये. तुम्ही १०,००० ची खोली घेतली आणि ४ दिवस राहिलात. वरचे २०,००० खिशातून जाणार, एवढंच गणित बहुतेकांच्या डोक्यात असतं. पण मर्यादेबाहेरची खोली घेतली की सर्जन, भूल आणि थिएटरच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. ते बिल २,४०,००० असेल तर १,२०,०००च मिळतील. म्हणजे एकूण १,४०,००० तुमच्या माथी. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या यांच्यावर मात्र ही कात्री चालवता येत नाही, आयसीयूच्या आकारावरही नाही. आणि जिथे खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत अशा हॉस्पिटलात ती लावताच येत नाही. सेटलमेंटच्या पत्रात इम्प्लांटची रक्कम कापलेली दिसली तर लगेच हरकत घ्या.

इम्प्लांटच्या खोक्यावर लॉट नंबर आणि सिरियल नंबरचं स्टिकर असतं. ऑपरेशननंतर ते केसपेपरवर चिकटवलंय ना, हे विचारा, आणि त्याचं स्वतंत्र बिल घ्या. रिइम्बर्समेंटमध्ये, म्हणजे बिल आधी स्वतः भरून नंतर पैसे मागताना, स्टिकर नसेल तर इम्प्लांटचे पैसे अडतात.

कधी करायचं

हा निर्णय आधी डॉक्टरांचा. रेडिएशन द्यायचं असेल तर इम्प्लांटभोवती कठीण आवरण धरण्याचा धोका वाढतो, म्हणून अनेकदा पुनर्रचना पुढे ढकलतात आणि रेडिएशननंतर काही महिने जाऊ देतात. पण डॉक्टरांनीच ‘आत्ता करा किंवा वर्षभराने, दोन्ही चालेल’ असं सांगितलं असेल, तर विम्याचा विचार जरूर करा. केमो, ऑपरेशन आणि रेडिएशन एकाच पॉलिसी वर्षात झालं की ५ लाखांचा विमा संपून जातो. पॉलिसी नूतनीकरण झालं की विमा रक्कम पूर्ण भरलेली असते. आधी क्लेम घेतला म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. कॅन्सरचं मूळ ऑपरेशन मात्र विम्याच्या तारखेसाठी एक दिवसही लांबवू नका.

एक्सपांडरमध्ये सलाइन भरायच्या फेऱ्या ओपीडीत होतात आणि ओपीडी सहसा विम्यात नसते. पण त्या डिस्चार्जनंतरच्या खर्चाच्या मुदतीत बसवता येतात. मुदत पॉलिसीप्रमाणे ६०, ९० किंवा १८० दिवस असते. प्रत्येक फेरीची पावती आणि प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा आणि मुदत संपल्यावर एकत्र क्लेम टाका.

दुसरा स्तन

ही सगळ्यात अवघड जागा आहे. नवा स्तन घडवल्यावर दुसरा उचलावा किंवा लहान करावा लागतो, नाहीतर दोन्हींत फरक राहतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने मास्टेक्टॉमीचा खर्च देणाऱ्या विमा योजनांना पुनर्रचनेचे सगळे टप्पे, दुसऱ्या स्तनावरची जुळवणी, कृत्रिम स्तन आणि हाताची सूज हे सगळं देणं भाग पाडलं. आपल्याकडे असं स्पष्ट लिहिलेलं नाही, आणि ते लिहिलं जायला हवं असं आमचं ठाम मत आहे. तोवर वाद घालायचा तो कलम ०८ च्या शब्दांवरूनच: त्यात ‘कॅन्सरनंतरची पुनर्रचना’ म्हटलं आहे, ‘फक्त त्याच बाजूची’ असं म्हटलेलं नाही.

सर्जनला दुसऱ्या स्तनाचं काम मूळ योजनेचाच भाग म्हणून पहिल्या पत्रात लिहायला सांगा. वजनाच्या फरकामुळे मान, खांदा किंवा पाठ दुखत असेल तर ती तक्रार आधीच्या केसपेपरवर नोंदलेली असू द्या. आणि लेखी मंजुरी हातात येईपर्यंत हा भाग विम्यातून होईल असं धरू नका. इथे नकार येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून या कामाचं बिल वेगळं ठेवा. एकाच्या नकारात दुसरं अडकायला नको.

निपल घडवणं भूल देऊन हॉस्पिटलात झालं तर डे-केअरमध्ये बसू शकतं. टॅटू करून निपलभोवतीचा घेरा रंगवणं ओपीडीतलं काम मानतात आणि ते बहुधा मिळत नाही. बाहेरून लावायचा सिलिकॉनचा स्तन, त्याची ब्रा, सुजलेल्या हाताची स्लीव्ह, फ्लॅपनंतरचा पोटाचा पट्टा, हेही सहसा खिशातूनच. क्रिटिकल इलनेसची पॉलिसी असेल तर तिची एकरकमी रक्कम अशा खर्चासाठी वापरता येते. मात्र तिच्या व्याख्येत जागच्या जागी असलेला, न पसरलेला कॅन्सर, म्हणजे डीसीआयएस, सहसा बसत नाही.

ऑफिसची ग्रुप पॉलिसी: कव्हर वाढवायची खरी जागा

वैयक्तिक पॉलिसीतला शब्दही तुम्हाला बदलता येत नाही. ग्रुप पॉलिसीत येतो, कारण तिथल्या अटी तुमची कंपनी आणि विमा कंपनी दर वर्षी ब्रोकरमार्फत नव्याने ठरवतात. नूतनीकरणाच्या २-३ महिने आधी एचआरला लेखी मागणी द्या. युनियन किंवा महिला कर्मचाऱ्यांचा गट असेल तर एकत्र द्या. एकटीने आपला आजार उघड करून मागायची गरज पडत नाही. मागणी मोघम नको. कॅन्सरनंतरच्या स्तन पुनर्रचनेचे सर्व टप्पे आणि दुरुस्त्या कुठल्याही उपमर्यादेशिवाय, दुसऱ्या स्तनाची जुळवणी, निपलचा टॅटू, वर्षाला एक कृत्रिम स्तन ब्रासह आणि हाताच्या स्लीव्ह, असं एंडॉर्समेंटमध्ये, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या दुरुस्तीच्या कागदात, शब्दशः लिहून यायला हवं. ‘ते तर कव्हर्डच आहे’ असं ब्रोकर तोंडी म्हणाला तर तेच ईमेलवर मागा. पॉलिसीत आई-सासूचा समावेश असेल तर हे त्यांनाही लागू राहील, हे त्याच मागणीत घाला.

चालू वर्षात विमा रक्कम संपली असेल तर एचआरला ‘कॉर्पोरेट बफर’ आहे का ते विचारा. गंभीर आजारांसाठी कंपनीने बाजूला ठेवलेली ही रक्कम असते आणि एचआरच्या पत्रावर मिळते. अनेक कर्मचाऱ्यांना ती असल्याचंच ठाऊक नसतं. दोन पॉलिसी असतील तर आधी कुठली वापरायची हे तुम्ही ठरवायचं. उरलेली रक्कम दुसरीतून मागताना पहिलीचं सेटलमेंट पत्र आणि बिलांच्या साक्षांकित प्रती जोडायच्या.

विमाच नसेल तर

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै २०२४ पासून राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढरं रेशन कार्डही चालतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथे ‘कॅन्सरचं ऑपरेशन बसतं का’ एवढंच विचारून थांबू नका. पुनर्रचनेच्या ऑपरेशनचं नेमकं नाव सर्जनकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ते पॅकेजमध्ये आहे का, इम्प्लांट धरून आहे का, हे विचारा. हेल्पलाइन १५५३८८. मुंबईतल्या केईएम, नायर, सायन या पालिका हॉस्पिटलांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. पाठीचा किंवा पोटाचा फ्लॅप वापरला तर इम्प्लांटचा खर्चच वाचू शकतो.

नकार आला तर

तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका. नकार लेखी आणि कुठल्या कलमाखाली, हे नमूद असलेला हवा. कंपनीच्या क्लेम समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, तेव्हा समितीचा निर्णय झालाय का, हेही विचारा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि कलम ०८ चं पान, डॉक्टरांचं पत्र, बायोप्सी जोडा. सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा.

एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अ‍ॅनेक्समध्ये आहे. ठाणे-नवी मुंबईकरांनी आपल्याला कुठलं कार्यालय लागतं ते आधी पाहावं. तक्रार नकारापासून १ वर्षाच्या आत करायची, ऑनलाइनही करता येते. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. सुनावणीत बोलायला थोडाच वेळ मिळतो, तेव्हा तीनच गोष्टी सांगा: कॅन्सर सिद्ध आहे, हे ऑपरेशन त्याच कॅन्सरनंतरची पुनर्रचना आहे, आणि पॉलिसीचं कलम तिला वगळत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो. नाही पाळला तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. निवाडा तुम्हाला मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो. त्याची मुदत २ वर्षांची आहे.

क्लेम मिटल्यावर फाइल टाकून देऊ नका. इम्प्लांटभोवतीचं आवरण कडक होणं किंवा ते फुटणं काही वर्षांनीही घडतं आणि मग पुन्हा ऑपरेशन लागतं. त्या क्लेमलाही हेच कागद लागतील: बायोप्सी, मास्टेक्टॉमीची नोट, टप्पे लिहिलेलं पत्र, इम्प्लांटचं कार्ड आणि पहिल्या मंजुरीची प्रत. सगळ्याचे फोटो काढून घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनमध्येही ठेवा.